लस तयार आहे, मूल कुठे आहे ते शोधा: गरीब देशांत लहान मुलांच्या साथीच्या आजारांवर काम कसं उभं करायचं

पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू २०२२ मध्ये पहिल्यांदाच ५० लाखांच्या खाली आले, जगभरात मिळून साधारण ४९ लाख. १९९० ला हाच आकडा सव्वा कोटीच्या आसपास होता, त्यामुळे काहीच झालं नाही असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. पण राहिलेल्या मृत्यूंमध्ये न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया, गोवर ही नावं अजून दिसतातच, जास्त करून सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात, आणि या प्रत्येकावर आज लस तरी आहे नाहीतर औषध तरी आहे. मग मुलं का जातात, तर ते शेवटच्या घरापर्यंत वेळेवर जात नाही म्हणून. गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरं नवीन काम झालंय ते याच ठिकाणी, पोचवण्याच्या पद्धतीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे लिहितोय ते एखाद्या संस्थेतून किंवा सरकारी प्रोग्राममधून अशा एखाद्या जिल्ह्यात काम सुरू करणाऱ्यांसाठी. औषधाचा डोस कायम त्या देशाच्या गाइडलाइनप्रमाणेच द्यायचा, ते इथे वाचून ठरवायचं नाही. इथे आहे ते कामाची दिशा कशी ठरवायची आणि कुठे अडतं ते.

आधी बघा तिथली मुलं कशाने जातात

पहिला महिना यालाच द्या, कितीही घाई असली तरी. देशाचा सरासरी आकडा घेऊन प्लॅन केला की फसतं, कारण सहारा वाळवंटाला लागून दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात पावसाळ्यानंतर मलेरिया एकदम उसळतो, पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून बहुतेक औषधांना न जुमानणारा टायफॉइड पसरलाय, तर अजून कुठे नवजात बाळांचा सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग, हाच मोठा मारेकरी असतो. गावात झालेल्या मृत्यूंची यादी काढा आणि घरच्यांशी नीट बसून बोला, याला व्हर्बल ऑटोप्सी म्हणतात, यात ताप किती दिवस होता, धाप होती का, जुलाब होते का, कुठल्या दवाखान्यात नेलं, नेईपर्यंत किती वेळ गेला असं सगळं विचारतात. शेवटचे दोन प्रश्न सगळ्यात जास्त शिकवतात, कारण आजार काय होता यापेक्षा वाट कुठे अडली ते त्यातून कळतं. आणि हे विचारताना मूल गेलेल्या आईसमोर फॉर्म भरायच्या घाईत बसू नका, आधी तिचं ऐका.

यात एक नवीन गोष्ट म्हणजे चॅम्प्स नावाचं नेटवर्क. बांगलादेश, माली, मोझांबिक, केनिया, सिएरा लिओन अशा देशांत पालकांची परवानगी घेऊन, मूल गेल्यावर पूर्ण शवविच्छेदन न करता फक्त सुईने अवयवांचे बारीक नमुने घेतात आणि नेमकं कारण शोधतात. त्यातून दिसलं की बऱ्याच मुलांच्या मृत्यूमागे एक नाही तर दोन-तीन कारणं एकत्र असतात, कुपोषण तर वारंवार सोबत असतं, आणि क्लेब्सिएला नावाचा जंतू लोकांना वाटत होतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा सापडतो. म्हणून एका आजाराचा प्रोग्राम घेऊन जात असाल तरी त्या मुलाचं वजन आणि दंडाचा घेर बघितल्याशिवाय परत येऊ नका.

एकही डोस न मिळालेलं मूल शोधा

२०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ४५ लाख बाळांना घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा पहिला डोससुद्धा मिळाला नव्हता. यांना झिरो-डोस मुलं म्हणतात. ज्या घरात ही लस गेली नाही तिथे बहुतेक दुसरंही काही गेलेलं नसतं, ना गोवरची लस, ना मच्छरदाणी, ना गरोदरपणातली तपासणी. त्यामुळे ही मुलं सापडली की तुम्हाला अख्खी सुटलेली वस्तीच सापडते.

सेंटरवर बसून ती सापडणार नाहीत. पोलिओच्या टीमनी जे केलं ते करा, म्हणजे मायक्रोप्लॅन: घरोघरी चालत जाऊन नकाशा काढायचा, कुठल्या घरी जाऊन आलो ते भिंतीवर खडूने लिहायचं, डोस दिलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावायची. उत्तर नायजेरियात हाताने काढलेल्या नकाशांवर कित्येक वस्त्या नव्हत्याच, सॅटेलाइटचे फोटो बघितल्यावर त्या दिसल्या आणि मग तिथे टीम गेल्या. आज हे फोटो सहज मिळतात, वापरा. पण फोटोत घर दिसतं, माणसं कुठली आणि कधी तिथे असतात ते दिसत नाही, गुरं घेऊन फिरणारे, वीटभट्टीवर आलेले, युद्धामुळे पळालेले, यांच्यासाठी गावात विचारावंच लागतं.

कोणाला विचारायचं यावरही अभ्यास झालाय. हरियाणात लोकांना साधा प्रश्न विचारला की गावात बातमी कोणामुळे लवकर पसरते, आणि ज्यांची नावं आली त्यांना लसीकरणाच्या दिवसांची माहिती इतरांना सांगायला लावलं. मोबाइलवर आठवण आणि छोटं बक्षीस यांच्यासोबत हे केल्यावर लसीकरण वाढलं. म्हणजे सरपंच किंवा मास्तरच हवा असं काही नाही, नळावर किंवा चहाच्या टपरीवर सगळ्यांशी बोलणारी व्यक्ती जास्त कामाची असू शकते.

उदयपूरचा प्रयोग तर प्रत्येकाने माहीत करून घ्यायला हवा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या टीमने काही गावांत दर महिन्याला न चुकता कॅम्प लावला, काही गावांत कॅम्पसोबत प्रत्येक डोसला एक किलो डाळ आणि सगळे डोस झाल्यावर ताटांचा सेट दिला. काहीच न केलेल्या गावांत पूर्ण लसीकरण ६ टक्के होतं, फक्त कॅम्पच्या गावांत १८, आणि डाळ दिली तिथे ३९. काहीजण याला लालूच म्हणतात, मला हे पटत नाही, कारण एका दिवसाची मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन पाच किलोमीटर चालणाऱ्या आईचं नुकसान खरं असतं आणि त्याची थोडी भरपाई केली तर चुकलं कुठे. पण त्यातला पहिला भाग विसरू नका, नुसता कॅम्प ठरलेल्या दिवशी लागला यानेच आकडा तिप्पट झाला. तारीख दिली तर ती पाळा. एकदा आई येऊन परत गेली की पुढच्या वेळी ती येईलच याची खात्री नाही.

लसीची बाटली हातात घेऊन बघा

बहुतेक लसी २ ते ८ डिग्रीमध्ये ठेवाव्या लागतात, वीज नसेल तिथे आता बॅटरीशिवाय थेट सोलरवर चालणारे फ्रिज आलेत, ते मागा. पण फ्रिज चांगला आहे म्हणून लस चांगली आहे असं धरून चालू नका. बाटलीच्या लेबलवर किंवा झाकणावर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन, हा व्हीव्हीएम, लसीला किती उष्णता लागली ते दाखवणारी खूण. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर, एक्सपायरी बघून, लस वापरायची. चौकोनाचा रंग गोलाएवढा किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती बाटली बाजूला. गावातली कार्यकर्ती हे एका मिनिटात शिकते, शिकवा आणि तिलाच रोज बघायला सांगा.

एक मात्र लक्षात ठेवा, व्हीव्हीएम फक्त उष्णता दाखवतो, लस गोठून खराब झाली ते त्याला कळत नाही. पाच आजारांवरची एकत्र पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाची पीसीव्ही या लसी गोठल्या की वाया जातात, आणि बर्फाच्या पॅकला थेट चिकटवून ठेवल्या की हे सर्रास होतं. आइस पॅक बाहेर काढून आतलं पाणी खुळखुळायला लागेपर्यंत थांबायचं आणि मगच कॅरियरमध्ये, म्हणजे लस न्यायच्या थंड डब्यात, भरायचा, घाईत नेमकं हेच राहून जातं.

पुढचा बदल पॅचचा आहे. गोवर-रुबेलाची लस सुईऐवजी छोट्या चिकटपट्टीतून त्वचेत देण्याची चाचणी गांबियात झाली, २०२४ मध्ये रिझल्ट छापून आले आणि बाळांमध्ये प्रतिकारशक्ती सुईएवढीच चांगली तयार झाल्याचं दिसलं. हे बाजारात आलं की कॅरियर आणि ट्रेंड नर्स दोन्हीची अडचण खूप कमी होईल. अजून आलेलं नाही, त्यामुळे त्याची वाट बघत आत्ताचा राउंड पुढे ढकलू नका.

मलेरिया: कॅलेंडर धरून चला

मलेरियात गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त काही घडलंय. आरटीएस,एस लसीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हिरवा कंदील दिला, ऑक्सफर्डने शोधलेल्या आणि सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या आर२१ ला २०२३ मध्ये. घाना, केनिया, मलावी इथे २०१९ पासून पहिली लस देऊन बघितली तेव्हा लसीच्या वयातल्या मुलांचे एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. चार डोस लागतात, पाच महिन्यांच्या वयापासून सुरू. पहिले तीन डोस बऱ्यापैकी होतात, चौथा खूप नंतर येतो आणि तिथेच मुलं गळतात, म्हणून चौथा डोस एकट्याने देण्यापेक्षा त्या वयातल्या दुसऱ्या एखाद्या भेटीला जोडा, गोवरचा दुसरा डोस किंवा व्हिटॅमिन ए, जे तिथल्या वेळापत्रकात बसेल ते.

पण लसीने सगळा मलेरिया थांबत नाही, हे आयांना आधीच सांगा, नाहीतर लस घेतलेल्या मुलाला ताप आला की विश्वास उडतो. मच्छरदाणी चालूच ठेवायची. जुन्या मच्छरदाण्यांवरच्या पायरेथ्रॉइड या कीटकनाशकाला डास सरावलेत, त्यामुळे २०२३ पासून क्लोरफेनापिर मिसळलेल्या दोन औषधांच्या मच्छरदाण्यांची शिफारस आहे, खरेदीच्या वेळी याचा आग्रह धरा.

जिथे मलेरिया पावसाच्या चार महिन्यांतच उसळतो तिथे एसएमसी करा. म्हणजे ३ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आजारी नसतानाच दर महिन्याला तीन दिवस प्रतिबंधाचं औषध. पहिल्या दिवशी कार्यकर्ती दोन्ही औषधं पाण्यात विरघळवून स्वतःसमोर पाजते, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी एकच गोळी आई घरी देते. कार्यकर्तीने गोळी पाजून लगेच पुढच्या घरी पळायचं नाही, अर्धा तास लक्ष ठेवायचं, मूल ओकलं तर परत डोस द्यायचा. ज्या मुलाला ताप आहे त्याला हे न देता आधी मलेरियाची टेस्ट. आणि घरच्या दोन गोळ्या खरंच दिल्या का ते विचारताना दिल्या का असं विचारू नका, उत्तर हो असंच येतं, रिकामं पाकीट दाखवायला सांगा. बुर्किना फासो आणि मालीत लस पावसाच्या आधी आणि सोबत एसएमसी असं दोन्ही दिलं तेव्हा एकेकटं देण्यापेक्षा गंभीर मलेरिया आणि त्याचे मृत्यू बरेच कमी झाले. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा.

जुलाब: नवीन काही शोधायची गरज नाही, जुनं घरात असायला हवं

१९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या कॅम्पमध्ये सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. तेव्हापासून ओआरएस सगळ्यांना माहीत आहे आणि तरी जुलाब झालेल्या कितीतरी मुलांना ते मिळत नाही, त्याऐवजी अँटिबायोटिक मिळतं. का मिळत नाही याचा बिहार आणि कर्नाटकात अभ्यास झाला, २०२४ मध्ये तो छापून आला, आणि निघालं असं की दुकानात स्टॉक नसणं किंवा महाग औषधात नफा जास्त असणं ही कारणं छोटी आहेत, सगळ्यात मोठं कारण म्हणजे डॉक्टरला वाटतं की पेशंटला ओआरएस नकोच आहे. त्यामुळे आयांना एक वाक्य शिकवा, डॉक्टरकडे गेल्यावर स्वतःहून म्हणा, ओआरएस द्या. याला पैसे लागत नाहीत.

दुसरं, पाकीट आजाराच्या आधीच घरात पोचवा. युगांडात कार्यकर्त्यांनी घरी जाऊन फुकट पाकिटं ठेवली तिथे वापर स्पष्ट वाढला, कारण रात्री दोन वाजता जुलाब सुरू झाले की कोण कुठे जाणार. सोबत झिंक पण द्या, १० ते १४ दिवस, मुलाला बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचा हे सांगून. आणि पाकिटाचा साइज बघा. एक लिटरचं पाकीट लहान मुलासाठी एका दिवसात संपत नाही, घरात लिटरचं माप नसतं, मग अंदाजाने पाणी घालतात. झांबियात किट यामोयो नावाचं पॅक काढलं, त्यात २०० मिलीची छोटी पाकिटं आणि झिंक, आणि ते ज्या डबीत येतं तीच डबी मापाचा पेला. कोल्ड्रिंकच्या क्रेटमधल्या रिकाम्या जागेतून ते गावोगाव पाठवायची मूळ कल्पना होती, प्रत्यक्षात दुकानदारांनी क्रेट फारसे वापरलेच नाहीत, चाललं ते डबीमुळे आणि दुकानदाराला सुटणाऱ्या चार पैशांमुळे. त्यांनी ते बघून पद्धत बदलली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पाण्यात क्लोरीन टाकायला प्रत्येक आईला रोज आठवण करून द्यायची पद्धत दमवते. ढाक्यात सामाईक नळालाच आपोआप क्लोरीन सोडणारं यंत्र बसवलं, तिथे मुलांचे जुलाब जवळपास एक चतुर्थांश कमी झाले. सवयीवर अवलंबून नसलेला उपाय मिळाला तर तो आधी.

न्यूमोनिया: श्वास मोजा, ऑक्सिजन मोजा

गावातल्या बाईला न्यूमोनिया ओळखता येतो, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी केव्हाच दाखवलंय, आणि १९९९ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या कामात घरीच नवजात बाळांची काळजी आणि सेप्सिसचे उपचार दिल्यावर नवजात मृत्यू ६२ टक्के कमी झाले. पद्धत अशी: मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातलं वर करून छाती-पोट बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांखाली ६०, दोन ते अकरा महिने ५०, एक ते पाच वर्षं ४०, एवढे किंवा जास्त असतील तर श्वास जलद आहे. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर थेट हॉस्पिटल. मोठ्या मुलाला पाण्यात विरघळणारी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकची गोळी, ही सिरपपेक्षा न्यायला सोपी आणि फ्रिजशिवाय टिकते. मूल पीत नसेल, झटके येत असतील, गुंगीत असेल तर थांबायचंच नाही, लगेच हॉस्पिटल.

यात आता पल्स ऑक्सिमीटर जोडा. डोळ्यांना बरं दिसणाऱ्या मुलाचा ऑक्सिजन ९० च्या खाली असू शकतो. फक्त मोठ्यांच्या बोटाची क्लिप बाळाला लावून आकडा लिहू नका, मुलांचा प्रोब लागतो. आणि आकडा कमी आला तर पाठवायचं कुठे, तिथे ऑक्सिजन आहे का, हे आधी ठरलेलं हवं, नाहीतर मोजून उपयोग नाही. युगांडात सोलरवर चालणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बसवल्यावर ऑक्सिजन कमी पडलेल्या मुलांचे मृत्यू कमी झाले, वीज जाणाऱ्या हॉस्पिटलांसाठी हा चांगला रस्ता आहे.

बबल सीपॅपबद्दल, म्हणजे नाकातल्या नळीतून सतत दाबाने हवा-ऑक्सिजन देण्याच्या पद्धतीबद्दल, जरा सावध राहा. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायर चिश्ती यांनी शॅम्पूची बाटली आणि नळी वापरून ते स्वस्तात बनवलं आणि साध्या ऑक्सिजनपेक्षा मृत्यू खूप कमी झाले. मलावीत एका जिल्हा हॉस्पिटलमध्ये रोज डॉक्टर हजर नसताना सीपॅप दिलं तेव्हा उलट झालं, सीपॅपच्या गटात जास्त मुलं दगावली. त्यामुळे आधी मोजा की रात्रपाळीला किती नर्स आहेत, कोण मुलाकडे तासातासाला बघणार आहे, आणि मगच ऑर्डर द्या.

अझिथ्रोमायसिनचा अवघड प्रश्न

नायजर, मलावी, टांझानियात आजारी नसलेल्या सगळ्या लहान मुलांना वर्षातून दोनदा अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, तर मृत्यू सुमारे १३.५ टक्के कमी झाले, नायजरमध्ये १८. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की बालमृत्यू खूप जास्त असतील तिथेच, आणि १ ते ११ महिन्यांच्या बाळांनाच द्या, कारण जंतू औषधाला सरावण्याची भीती आहे आणि नायजरमध्ये तसं दिसलंही. मग २०२४ मध्ये नायजरचाच मोठा अभ्यास आला, त्यात पाच वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना दिलं तेव्हा मृत्यू १४ टक्के कमी झाले आणि फक्त बाळांना दिलं तिथे खात्रीने सांगावा असा फायदा दिसला नाही. माझं मत असं की मृत्यूदर फार जास्त असलेल्या भागात, देशाची परवानगी असेल तर, आणि रेझिस्टन्सची, म्हणजे जंतू औषधाला सरावलेत का याची, तपासणी त्याच बजेटमध्ये धरली असेल तरच हे करा. तपासणीला पैसे नाहीत असं कोणी म्हणालं तर प्रोग्राम सुरू करू नका.

टीबीचं थोडक्यात: लहान मूल बेडका काढू शकत नाही म्हणून निदान राहून जातं, पण आता शौचाच्या नमुन्यावर जीनएक्सपर्ट या मशीनवरची टेस्ट करायला मान्यता आहे, आणि सौम्य टीबी असलेल्या मुलांना सहाऐवजी चार महिन्यांचा कोर्स पुरतो हे चाचणीत सिद्ध झालंय. तुमच्या जिल्ह्यातल्या लॅबला दोन्ही माहीत आहे का ते फोन करून विचारा.

काम झालं का ते कसं बघायचं

वाटलेल्या पाकिटांचा आकडा बघू नका. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० पासून दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं, आणि शिकवणाऱ्या बायांचा पगार किती घरं केली यावर नव्हता. नंतर दुसराच माणूस काही घरांत जायचा, आईला प्रश्न विचारायचा, तिच्याकडून पाणी करून घ्यायचा, आणि तिला जेवढं आठवतं त्यावर शिकवणारीला पैसे मिळायचे. हीच पद्धत उचला. राउंड झाल्यावर महिन्याभरात थोडी घरं चिठ्ठी टाकून निवडा, टीमबाहेरच्या कोणाला तरी पाठवा, कार्ड बघा, रिकामं पाकीट बघा, आईला ओआरएस करून दाखवायला सांगा. जिथे जमलं नाही तिथे कार्यकर्तीला ओरडण्याआधी तिच्यासोबत एक दिवस फिरा, बऱ्याचदा घरं जास्त असतात, अंतर जास्त असतं आणि तिचा पगार तीन महिने थकलेला असतो, आणि पगार थकला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तो काढायच्या मागे लागा.